निधान

डब्यावर छापलं होतं: एकवीस दिवस.
सातेरी मुतगेकरनं हॉटेलच्या हॉलमध्ये
पडद्यावर दोन फोटो दाखवले,
माणूस एकच, आधी ढेरी, मग नाही.
पाच हजार दोनशे. मी दिले.
व्हॅनिलाच्या वासाची पिठी
जेवणाऐवजी पाण्यात ढवळून पीत राहिलो.
बाविसाव्या दिवशी येळ्ळूरला लग्न होतं.
तेविसाव्या दिवशी मी होतो तसाच होतो,
थोडा जास्तच.

त्याआधी कारल्याचा रस.
त्याआधी खानापूरच्या जंगलातली कसलीशी साल,
रात्रभर भिजवून.
त्याआधी तांब्याचं कडं,
मनगटावर हिरवा डाग अजून आहे.

मी कुंदा करणारा माणूस,
सत्तावीस वर्षं शहापुरात, एकाच भट्टीसमोर.
साखर नखांत होती ती ठाऊक होती,
रक्तात केव्हा गेली, कळलं नाही.

हिरेमठ डॉक्टरीणबाई. त्यांचं मराठी मोडकं,
माझं कन्नड त्याहून.
तीन महिन्यांची सरासरी बघितली त्यांनी.
रात्रीचा भात अर्धा. सकाळी चालायचं.
गोळी चुकवायची नाही.
किती दिवस, मी विचारलं.
त्या हसल्यासुद्धा नाहीत.
"निधान," म्हणाल्या. "निधान माडरी."

घरी येईतो तो शब्द तोंडात घोळवत आलो.
त्यांच्यात निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात, पुरून ठेवलेलं धन.
दुकानाच्या पाट्यांवरून जिथं डोकी फुटतात
तिथं एक शब्द दोन्ही घरी जेवून जातो
आणि कुणाला पत्ता नाही.

पहिल्या दिवशी तिसऱ्या गेटापर्यंत.
गेट पडलेलं होतं. बरं वाटलं,
थांबायला कारण मिळालं.
दुधाचे कॅन लावलेल्या सायकलवरून भरमा ओरडला,
"काय गा, कुठं जाऊलालास?"
"चालूलालो."
"ते दिसूलालंय. कुठं?"
आठवून बघितलं. कुठंच नाही.
पन्नास वर्षांत पहिल्यांदाच
कुठंही न जाता निघालो होतो.

शेवंता काही बोलली नाही.
भाताचं मोठं पातेलं घासून माळ्यावर टाकलं तिनं,
धाकटं काढलं.
आमच्या बासमतीचा वास
अर्ध्या वाटीतूनही पूर्णच येतो,
हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.
पहिला महिना तरी रात्री उठून
स्वयंपाकघरात नुसता उभा राहायचो.

गणपतीत सात मोदक खाल्ले. मोजून सांगतो.
आषाढात आठ दिवस चप्पल बाहेर काढली नाही,
नवव्या दिवशी काढली.
हे नववं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.
पूर्वी आठव्या दिवशी नवा डबा आणायचो.

दीड वर्ष झालं.
नऊ पॉइंट चारचे सात पॉइंट सहा.
सातेरीच्या पडद्यावर दिसणार नाही असला फरक.
पँट तीच, पट्ट्याला एक भोक जास्त,
मीच खिळ्यानं पाडलेलं, जरा तिरकं.
डॉक्टरीणबाईंनी मान हलवली
आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता मी चाखत नाही.
कुंदा जमत आला की कढईचा आवाज बदलतो,
बुडबुडे जड होतात, उशिरा फुटतात.
तेवढ्यावर मला कळतं.
बैलहोंगलहून आलेला बसवराज, वय एकोणीस,
मॅच सुरू व्हायच्या आत उरकायचं म्हणून
गॅस मोठा करतो.
मी बटण मागं फिरवतो.
तळाला लागलेल्या दुधाचा वास
कितीही साखरेनं जात नाही, बाबा.
"निधान," म्हणतो.
कुठल्या भाषेत म्हणालो
माझं मलाच सांगता येत नाही.

तो ढवळत राहतो, तोंड वाकडं करून.
वेलदोडे काढायला मी फळीवरचा डबा उतरवतो.
एकवीस दिवस.
अक्षरं अजून गेलेली नाहीत.