ओस्मारच्या दुकानासमोरून

सोमवारी मी मागच्या गल्लीने जातो.
लांब पडते, चढ आहे,
आणि जुलैचा गारठा उरुग्वे नदीवरून
थेट गुडघ्यांत शिरतो.
पण ओस्मारच्या दुकानासमोरून
रिकाम्या पिशवीने जायची
माझी छाती होत नाही.

चाळीस वर्षं त्याने माझ्यासाठी
बरगडीचा जाड तुकडा बाजूला काढून ठेवला.
माझ्या लग्नात शेगडी त्यानेच सांभाळली,
धुराने डोळे लाल होईपर्यंत.
अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगू
की पिशवी अगदीच रिकामी नाही,
तळाशी अर्धा किलो मसूर आहेत?

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची.
कागदावरच्या आकड्यांवर पेनचं टोक टेकवत म्हणाली,
"सोडू नका, एल्बिओ. कमी करा."
सोडणं सोपं.
माणूस शपथ घेतो, चारचौघांत मिरवतो,
पंधरा दिवसांत मोडून मोकळा होतो.
कमी करायचं म्हणजे रोज संध्याकाळी
स्वतःच्या जिभेशी घासाघीस.

मांसाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली.
तिथली सुरी अजून आहे,
घासून घासून पातं करंगळीएवढं उरलंय.
अंधारातही तिला सांधा सापडायचा.
कांद्याला सांधा नसतो.
ती गोंधळली, मीही.
नेलिदा दारातूनच म्हणाली,
"अहो, कांदा आहे तो. पळून जाणार नाही."

कांदा तेलावर परतायचा, गाजर, भोपळ्याच्या चार फोडी,
तमालपत्र, लाल मिरचीची पूड,
मसूर, पाणी, झाकण.
मग रेडिओवर कालच्या सामन्याची भांडणं ऐकायची.
भांडणं मिटत नाहीत,
पण तोवर मसूर शिजतात.
बुधवारी मक्याच्या पिठाचा घाटा, वर टोमॅटो.
गुरुवारी कणकेच्या दोन पोळ्यांत पालेभाजी कोंबून भट्टीत;
कडा दुमडायला मात्र नेलिदाचाच हात हवा.

खोटं कशाला सांगू,
पहिल्या सोमवारी पोटभर जेवून उठलो
आणि वाटलं,
चला, आता जेवायला बसू.

तिसऱ्या सोमवारी दार वाजलं.
ओस्मार. अंगावर दुकानातलाच एप्रन.
"कुणाकडून घेतोस?" त्याने उंबऱ्यातूनच विचारलं.
"त्या सुपरमार्केटातून? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं?"
त्याची आई गेली तेव्हाही
त्याचा आवाज असा झाला नव्हता.

मी काही बोललो नाही. झाकण उचललं.
त्याने पळी घेतली, ढवळलं,
पुन्हा ढवळलं.
"यात काही नाही."
"नाही."
"तळाशीसुद्धा?"
"तळाशीसुद्धा."

एप्रन काढून त्याने दारामागे टांगला
आणि बसला.
पहिला घास घेऊन म्हणाला, "मीठ कमी आहे."
दुसऱ्यांदा वाढताना काही बोलला नाही.
पावाने ताटली पुसता पुसता,
ताटलीलाच सांगावं तसा पुटपुटला,
"मलाही सांगितलंय रे डॉक्टरने.
दोन वर्षं झाली.
पण खाटकाने हे कुणापाशी बोलायचं?"

नेलिदा उठून पाणी आणायला गेली.
जग टेबलावर भरलेलाच होता.

आता रविवारी शेगडी पेटते ती पेटतेच.
तुकडा पूर्वीपेक्षा लहान असतो,
आम्ही तो सावकाश चावतो,
जुन्या गोष्टी उकरून काढतो.
सोमवारी मी समोरच्या रस्त्याने जातो.
ओस्मार आतूनच सुरा उंचावतो,
म्हणजे आठ वाजता येतो.

परवा येताना त्याने छोले आणले,
कागदात बांधलेले,
दोऱ्याची तीच गाठ.
तराजूत तोलून, वर मूठभर जास्तीचे घालून,
आणि चरबी सोलून काढावी तसे
एकेक करून
खडे वेचलेले.