रात्री दोन चाळीसला

रात्री दोन चाळीसला क्लाक्सविकच्या धक्क्यावर
कुणी जागं नसतं.
तेव्हा मासळी-लिलावाच्या कचेरीतलं जुनं यंत्र
दिवसभराचा कॉड, हॅडक, तोललेले टन,
बोटींची नावं आणि कुणाचं किती देणं
एका फाइलीत बांधून
तोर्सहावनच्या बँकेकडे धाडतं.
पलीकडून विचारणा होते : कोण? पासवर्ड?
आणि यंत्र सांगून टाकतं.
सतरा वर्षं, रोज,
म्हणून तर सकाळी सातला
खलाशांच्या खात्यात पैसे असतात.

शब्द त्याला हानुसनं शिकवला होता.
हानुस आता मेंढ्या पाळतो.
त्याच्या खुर्चीत मी बसले,
आणि पहिल्याच आठवड्यात
स्क्रिप्टच्या चौथ्या ओळीत तो मला दिसला,
उघडाच, अवतरणचिन्हांत,
कुणी कुलपाशेजारीच खिळ्याला
किल्ली टांगावी तसा.

ती फाइल कुणालाही वाचता येत होती.
शिकाऊ पोराला,
तराजू दुरुस्त करायला आलेल्या डॅनिश माणसाला.
शिवाय पाठवणी चालते ती चाळीस सेकंदं
चालू कामांच्या यादीत
अख्खी आज्ञा झळकायची, शब्दासकट.
यंत्राच्या तोंडात तीळ भिजत नाही,
हे त्याला ठाऊक नव्हतं का?

फोन केला. तो हसला.
"सुन्वा, अगं या गावात दाराला कुलूप लावतं कोण?"
खरंय.
आईच्या दाराची किल्ली मी जन्मात पाहिली नाही;
शेजारी येतात, ओट्यावर मासा ठेवतात, जातात.
"पण हानुस, हे दार गावात उघडत नाही," मी म्हणाले.
तो म्हणाला, "बरं. कर मग काय करायचं ते."

मग किल्ल्यांची जोडी केली.
एक बँकेला दिली, ती चव्हाट्यावर ठेवली तरी चालते.
दुसरी इथेच,
यंत्रातल्या एका खात्याखेरीज कुणी वाचू नये अशी;
त्या खात्याच्या नावाचा माणूस गावात नाही.
बँकेला लिहून कळवलं :
ही किल्ली आली तर आमच्याच पत्त्यावरून येईल,
फक्त ठेवेल, उचलणार काही नाही.

एका जागी अडले.
किल्लीलाही परवलीचा शब्द लावावा, म्हणतात.
लावला, तर दोन चाळीसला तो टाइप कोण करणार?
आणि लिहून ठेवला,
तर पुन्हा चौथी ओळ.
दोन दिवस हेच.
कॉफी गार होत गेली, बाहेर वारा,
धक्क्यावरचे क्रेट कुणी तरी बांधायला विसरलेलं.
शेवटी ती तशीच ठेवली, बिनशब्दाची,
आणि तिच्यामागचं दार शक्य तितकं अरुंद केलं.
समाधान नाही. पण रोज रात्री उठणंही
मला जमणार नव्हतं.

पहिल्या रात्री मात्र जागी राहिले.
दोन एकेचाळीसला पडद्यावर एक ओळ आली :
पाठवली.
कुणी काही विचारलं नाही,
निदान मला दिसेल असं.

सकाळी हानुसचा फोन.
"तो शब्द पुसलास?"
"पुसला. बँकेनंही रद्द केला."
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"नाव होतं ते," तो म्हणाला.
"कुणाचं?"
"मेंढ्या कुंपणाबाहेर गेल्यात," म्हणाला,
आणि फोन ठेवला.

जुन्या बॅकअपच्या टेपा तळघरात आहेत,
सतरा वर्षांच्या, पुठ्ठ्याच्या चार खोक्यांत.
त्यांत तो अजून असणार,
रोज रात्रीचा एक.
नियमाप्रमाणे त्या नष्ट करायला हव्यात.
यादीत लिहून ठेवलंय.
अजून केल्या नाहीत.