म्हणे

मोरिओकात बर्फ पडतोय आणि तोगाशी माझे केस कापतोय.
बावीस वर्षांचा आहे. कात्रीपेक्षा जीभ जलद.
काका, नवं यंत्र येतंय म्हणे,
येत्या शरदात, नाहीतर त्याच्या पुढच्या.
चित्र पुरतं काढतच नाही म्हणे ते,
चार ठिपक्यांतला एक खरा,
उरलेले तीन आपले अंदाजाने,
आणि तरी कुणाला फरक कळत नाही.

कुणी पाहिलंय?
त्याच्या मित्राच्या भावाच्या साहेबाने
शिंचूच्या कारखान्यात चिप पाहिली. झाकलेली.
झाकलेली पाहिली!
मी आरशात हसतो. गळ्याभोवती पांढरं कापड,
हात आत अडकलेले.

गेल्या महिन्यात हाच म्हणाला होता, दोनातला एक.
त्याआधी म्हणाला होता, तसलं काही नाहीच.
राईचा पर्वत करायची विद्या
माणसाला केव्हाची येत होती,
यंत्र आत्ता कुठे शिकतंय.

मी त्याला सांगत नाही
की एकेकाळी मी ठिपके काढायचो, पगारावर.
सोळा आडवे, सोळा उभे,
चौकटीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने,
मग एकेक घर आकड्यांत.
ओसाकात, गाद्यांच्या दुकानावरची खोली,
पाच माणसं, एक पंखा.
माझा एक कोल्हा होता.
त्याच्या डोळ्याच्या वाट्याला दोन ठिपके आले,
एक काळा, एक पांढरा.
शेवटच्या रात्री मेमरी संपली, तसूभर जागा नाही.
मुराकोशी म्हणाला, एक रंग कमी कर.
पांढरा गेला.
त्या घरात नदीचा निळा आला,
कारण तोच उरला होता.
मी टेबलाखाली जाऊन झोपलो.

पुढच्या वसंतात आकिताहून पत्र,
दुसरीतल्या पोराचं, खोडरबराने मळलेलं:
तिसऱ्या टप्प्यावर कोल्हा का रडतो?
त्याची आई पुलापलीकडे राहिली का?

पूल नव्हता. तो तपकिरी पट्टा माझी चूक होती.
आई तर कुणाच्या डोक्यातच नव्हती.

उत्तर लिहिलं नाही मी.
काय लिहिणार, तो निळा म्हणजे काटकसर?
चार घरं बदलली, पत्र अजून आहे,
बायकोच्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली.

तेव्हा उरलेले तीन ठिपके
पोरं भरायची.
टीव्हीच्या फुगीर काचेला नाक लावून,
फुकट, आणि जेवायला हाक आली तरी न उठता.

आणि जुने खेळसुद्धा लख्ख दिसतील म्हणे,
तोगाशी कानामागून वस्तरा फिरवतो,
केस न् केस मोजून घ्या.
कोल्ह्याचे?
कुठल्या कोल्ह्याचे?
कुठल्याही.
हो, म्हणे.

लाखो चित्रं दाखवतात त्याला, असं ऐकतो.
डोळा असा असतो, पाणी असं, काठ असा.
मग माझा निळा ठिपका समोर आला
तर त्याला तो अश्रू वाटेल की खोट?
पुसेल बहुधा. तिथे पांढरा ठेवेल,
मला आधी हवा होता तोच.
बरोबरच करेल ते.

त्या पोराने पंचेचाळिशी ओलांडली असेल आता.
कुणी सांगावं, त्याच कारखान्यात असेल,
झाकलेल्या चिपेसमोर, डबा उघडून बसलेला.

तोगाशी मानेमागे आरसा धरतो. ठीक?
चष्मा फणीशेजारी पडलाय,
समोर नुसता पांढरा गोळा, त्याखाली थोडा काळोख.
ठीक, मी म्हणतो.

पैसे देतो. बूट चढवतो.
दारात तो हळूच म्हणतो,
काका, हे बाहेर कुणाला बोलू नका हं.
रस्त्यावर एक बर्फ ओढणारी बाई आहे,
आणि तिचा कुत्रा.