अंग पाहून घ्या

रविवारच्या बाजारातून बातमी आली
मेथीच्या जुडीसारखी, मातीसकट.
शेजारच्या गावात एक माणूस गेला म्हणे,
गवतातला किडा चावला, एवढासा,
तीळसुद्धा त्याच्यापुढं हत्ती.

डॉक्टरांनी सांगितलं, स्क्रब टायफस.
गावाच्या जिभेवर त्याचा सकरब झाला
आणि दिवेलागणीपर्यंत
मारोतीच्या पारावर मांडी घालून बसला.

सकाळी गवतात कोणी पाय देईना.
कवडूनं दारातल्या हराळीवर तणनाशक मारलं,
गणपती तोंडावर आलेत हे मग आठवलं.
झिंगुबाईची बकरी दोन दिवस खाटेवर बांधलेली.
आणि संडासात कोंबलेलं कुटार
एका रात्रीत बाहेर आलं,
जे दहा वर्षांत कोणत्याच साहेबाला जमलं नव्हतं.

मी आशा. पिशवीत एक थर्मामीटर, थोड्या गोळ्या,
फॉर्मांचा गठ्ठा आणि वरून आलेलं एक वाक्य:
अंग पाहून घ्या. काखेत, कंबरेला, नाडा बांधता तिथं.
विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग असेल
तर सांगा.

मग काय बाप्पा,
गावाला डागच डाग दिसू लागले.
जन्माचे तीळ नव्यानं उगवले.
पोट दुखलं म्हणून आजीनं दिलेला बिब्ब्याचा चट्टा,
दंडावरची लशीची खूण,
कोणी तर हनुवटीवरचं गोंदण
नखानं खरवडून पाहिलं.
अंजिरा दिवसातून चारदा पारा लावायची,
ताप नाही म्हटलं की म्हणायची, हे बिघडलं तुमचं.
रात्री अकराला फोन:
"ताई, माह्ये ठोके मोजा न वं, फोनवरूनच."
मी मोजले. म्हणजे, गप्प राहून
साठपर्यंत आकडे म्हटले.
तिकडे ती झोपली.

शामकोरनं हसत सांगितलं,
मोबाइलच्या बॅटरीत तिनं म्हाताऱ्याची पाठ पाहिली.
"एवढा मोठा चामखीळ, माय!
चाळीस वर्सं एका छपराखाली,
अन् मले आज दिसला."
म्हातारा लाजून गोठ्यात निघून गेला.

निंदायला बाया मिळेनात,
तशी मजुरी तीस रुपयांनी वाढली.
साडीवर नवऱ्याचा शर्ट तर रोजचाच,
आता पोराच्या शाळेचे मोजेही चढवून
अकरा जणी सोयाबीनमध्ये उतरल्या.
भीती ओसरली त्या आठवड्यात
ते तीस रुपयेही ओसरले.

एका घरी
एकीनं पाठ दाखवायला नको म्हटलं.
तिचं नाव इथं लिहीत नाही.
"तिथं नाही चावला," म्हणाली.
मी तरी पदर सरकवला.
किड्याचं नव्हतं ते.
किडा असा रांगेत चावत नाही,
पट्ट्याच्या रुंदीनं.
ती माझ्याकडे पाहत होती, मी फॉर्मकडे.
काळा डाग: आहे / नाही.
मी नाहीवर खूण केली,
पाणी प्यायले, पुढच्या घरी गेले.

बारा दिवस, दोनशे अकरा अंगं.
सकरब एकालाही नव्हता.
ताप एकच निघाला,
तोही दात येणाऱ्या पोराचा.

शेवटच्या रात्री अंघोळीनंतर
माझ्याच मानेमागं काहीतरी हुळहुळलं.
गावाला हसले होते मी.
आता आरशापुढं वाकडी होऊन
दिसत नाही तिथलं पाहत होते.
पोरीला उठवलं.
तिनं झोपाळल्या डोळ्यांनी उजेड धरला.
"आई, वळ आहे."
मी दचकले.
"पिशवीच्या पट्ट्याचा. कधीचा आहे गं हा?"

तिला उत्तर दिलं नाही.
ती झोपली, मी जागी.
उद्या त्या घरी परत जायचं आहे,
फॉर्म इथंच ठेवून.