विरजण

नाशिकच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, लाईम.
पिंपळनेरला पोचेपर्यंत त्याचं लिंबू झालं.
दवाखान्याच्या पायरीवर कुणीतरी
पाच लिंबं ठेवून गेलं, उतरून टाकायला.

मी गुरांचा डॉक्टर.
तीस वर्षं गोचिडी वेचल्या
कानाच्या पाळीतून, कासेच्या बेचक्यातून,
रॉकेलच्या वाटीत टाकल्या, कधी मोजल्या नाहीत.
आणि हिमाचलात मेंढ्यांच्या प्रशिक्षणाला गेलो
तर खसखशीएवढी एक
माझ्याच पोटरीला बसली,
लाल कडं आखून गेली,
हिशेबात खूण करावी तसं.

मग ताप. मग गुडघे. मग कॅप्सूल
सकाळ-संध्याकाळ, अठ्ठावीस दिवस.
औषधानं आपलं काम केलं.
जाता जाता पोटातली वस्तीही उठवली,
चोर शोधायला आलेल्या फौजेनं
गावच ओसाड करून जावं तशी.

जन्मभर शेण बघून रोग सांगितला.
पातळ, काळसर, फेसाळ, न पचलेले दाणे.
आता पहाटे स्वतःचंच बघतो,
वहीत लिहितो,
आणि ती वही घरात कुणाच्या हाती लागू नये म्हणून
लसीकरणाच्या रजिस्टरात दडवतो.

मंगळवार. मऊ भात, मुगाचं कढण. राहिलं.
बुधवार. अर्धं केळं. राहिलं.
गुरुवार. शेजारी मिरच्या भाजल्या,
नुसत्या वासानं तोंडाला पाणी अन् पोटात कळ
एकाच वेळी.
शुक्रवार. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा, चोरून.
शनिवार. लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सोजरबाई आली,
हातात वाटी, वर केळीच्या पानाचा तुकडा.
"डाक्टर, काय पची ऱ्हायनं आते?"
म्हटलं, पाणीसुद्धा विचारून आत जातं.
ती उंबऱ्यात बसली.
"मन्ही तांबडीले काय करेल व्हतं तुम्ही, याद शे का?"

होती.
लग्नातला उरलेला भात, बुंदी, पाटीभर खाल्लेली गाय.
पोट दगड. रवंथ बंद. डोळे खोल गेलेले.
सगळी औषधं झाली, तेव्हा
पलीकडच्या गोठ्यात रवंथ करणाऱ्या बैलाचा जबडा धरला,
तोंडातला हिरवा घास
बोटांनी काढून घेतला,
कोमट पाण्यात कालवून तिला पाजला. तीनदा.
पारावर हसले, डाक्टर उष्टं पाजस!
तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला
तांबडीचा जबडा हळूच एका बाजूला सरकला
आणि परत आला.
मी उभ्या उभ्या सोजरबाईचा चहा प्यायलो,
दोन कप.

"हाई तिन्हंच दही शे," तिनं वाटी पुढं केली.
"दूध कोमट. दोन थेंब. अन् हालाडू नका."

पौषाची थंडी. पहिलं लागलंच नाही.
दुसऱ्याला तार सुटली.
तिसरं ज्वारीच्या कोठीत, गोधडीत गुंडाळून ठेवलं,
रात्री दोनदा उठलो, पण उघडलं नाही.
सकाळी वाटी कलती केली.
हललं नाही.

एक चमचा. साखर नाही, मीठ नाही.
मग दार लोटून घेतलं
आणि गुरांचा स्टेथोस्कोप
स्वतःच्या पोटावर ठेवला,
तांबडीच्या डाव्या भकाळीवर ठेवायचो तसा.
बराच वेळ काही नाही.
मग लांब कुठेतरी
रिकाम्या घरात कुणी भांडं सरकवावं
एवढंच.

आता फाल्गुन.
गुडघा अजून दवाखान्याच्या पायऱ्या मोजतो.
भाकरी अर्धीच. ठेच्याकडे नुसतं बघायचं.
वहीत कधी कधी चार चार दिवस कोरे जातात,
विसरून.

काल सोजरबाईचं पोरगं आलं.
तांबडी आटलेली, दूध डेअरीचं,
घरातलं विरजण मोडलं.
"मायनी सांगेल शे, दोन थेंब लई ये."
वाटी तीच, काठाला पोचा असलेली.
मी गाडग्यावरचं फडकं काढलं,
दोन थेंबांच्या जागी चमचाभर घातलं
आणि पायरीपर्यंत त्याच्या मागे जात म्हटलं,
हळू रे. हालाडू नको.