माइल्ड

डडलीच्या पबात आता अकरा नळ.
आंब्याचा, पेरूचा, मार्शमेलोचा,
एक तर मुद्दाम गढूळ,
पूर आलेल्या ओढ्यासारखा.

सिरिल हॅडन कोपर टेकून विचारतो, "माइल्ड?"
पोरगा त्याला फळा वाचून दाखवतो,
जणू सिरिलला डोळेच नाहीत.

साखळ्या घडायच्या इथे.
भट्टीवरून सुटलं की चार ग्लास
काळी, हलकी बिअर
आणि तरी पावलं सरळ घरी.
बायको वास घ्यायची दारात,
रागवायची नाही.

"मी काय इस्पितळात आहे,
फळं द्यायला?"
पोरगा हसतो. चांगला आहे तसा.
चव बघायला इवलासा पेला पुढे करतो.

सिरिल घोट घेतो.
बघत राहतो रिकाम्या पेल्याकडे.
"वाईट नाहीये," म्हणतो, टोपी घालत,
"पण दुसरा मागावासा
वाटत नाही."