पदर, एलएलसी

लान्सिंगचा फेब्रुवारी. बाहेर
बर्फ ढकलणारा ट्रक दोनदा जाऊन आला,
मी अजून पहिल्याच रकान्यात:
धंद्याचं नाव.

'सुईधागा' आधीच कुणीतरी घेतलेलं,
ग्रँड रॅपिड्सला. तिथे टॅटू काढतात म्हणे.
मग सहज टाइप केलं: पदर.
हिरव्या अक्षरांत उत्तर आलं, उपलब्ध.
अख्ख्या मिशिगन राज्यात
पदर कुणाचाच नव्हता.

धंदा कसला? खाली यादी:
लाँड्री, ड्राय क्लीनिंग, गाद्या, पडदे.
फॉल-पिको कुठल्या आकड्यात बसतं?
फोन लावला. पस्तीस मिनिटं सॅक्सोफोन.
मग डार्लीन नावाची बाई आली, नाक चोंदलेलं.
मी सांगत सुटले, सहा वार कापड असतं,
खालच्या काठाला आतून एक पट्टी शिवायची,
बाहेरून कुणाला दिसत नाही,
पण साडी तिच्यामुळे नीट पडते.
ती जरा थांबली.
"हेम," म्हणाली. "हेम लिही, हनी."
लिहिलं.
आमच्याकडे हेम म्हणजे सोनं,
हे सांगेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

नोंदणीकृत प्रतिनिधी:
कामाच्या वेळेत या पत्त्यावर
हमखास सापडेल अशी व्यक्ती.
पोस्टाची पेटी चालणार नाही.
मला हसूच आलं.
नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली मी,
नऊ वर्षं या वेळेत
दुसरीकडे कुठे होते?
घरी असण्याचा एवढा अनुभव
राज्यात फार जणांकडे नसेल.
लिहिलं: वृषाली डोईफोडे.

मग मुदत.
कंपनीचं आयुष्य शाश्वत धरलं जाईल,
तसं नसेल तरच तारीख लिहा.
पुन्हा वाचलं.
माझ्या प्रत्येक कागदाला इथे तारीख आहे,
लायसन्सला, शिक्क्याला,
यंदा आलेल्या कामाच्या कार्डालाही.
हेरंबने मागून डोकावून विचारलं,
अडलंय का काही?
नाही, म्हटलं.
तो रकाना मी रिकामा सोडला.

पन्नास डॉलर फी.
कार्ड त्याने पुढे केलं होतं.
मी माझं काढलं.

तळघरात, भट्टीशेजारी,
कामाक्षीची मोरपंखी कांजीवरम
सुईखाली अर्धीच आहे.
शनिवारी तिच्या भाचीचं लग्न
आणि बॉबिनवर दोरा संपलाय.